टीएसएच दरवेळी वेगळा का येतो: लॅबमध्ये नवीन लागलेल्या पोरापोरींसाठी

लॅबला लागून मला दोन वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. एक काकू काउंटरवर आल्या आणि दोन रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले, दोन्ही आमच्याच लॅबचे. तीन आठवड्यांपूर्वीचा टीएसएच (मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी थायरॉईडला कामाला लावायला सोडते ते हार्मोन) ३.४, आताचा ४.९. थायरॉईडची गोळी (टी-४ हार्मोनची) तीच, ५० मायक्रोग्रॅमची, एक दिवस चुकवलेली नाही. आमची रेंज छापलेली ०.४ ते ४.५, म्हणजे पहिला रिपोर्ट नॉर्मल आणि दुसऱ्यावर ठळक अक्षरात हाय. काकू म्हणाल्या, "बिघडलंय काय ते नीट सांगा, माझं थायरॉईड का तुमचं मशीन?"

मी मशीनकडे बघितलं, मशीन ठीक होतं. दोन्ही दिवसांचे कंट्रोल (मशीन तपासायला लावतात ते, आकडा आधीच माहीत असलेलं सॅम्पल) पास. मग विचारता विचारता कळलं की पहिलं रक्त त्यांनी दुपारी साडेतीनला दिलं होतं, डबा खाऊन. दुसरं सकाळी सातला, उपाशीपोटी. आणि मधल्या काळात आमचा रीएजंटचा (टेस्टच्या रसायनाचा) लॉट, म्हणजे खेप, बदलला होता. यातलं काहीही रिपोर्टवर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आमच्या रजिस्टरमध्ये सॅम्पलच्या वेळेचा रकानाच नव्हता. मॅडमनी (आमच्या पॅथॉलॉजिस्ट) काकूंना पुन्हा सकाळी सातला बोलावलं, फुकट करून दिली टेस्ट, ४.६ आली. डॉक्टरांनी गोळी आहे तीच ठेवली. ती टेस्ट पुन्हा झाली नसती तर ५० ची ७५ झाली असती आणि काकू छातीत धडधड होतेय म्हणून परत आल्या असत्या.

हे सगळं लिहितोय ते त्यामुळे. डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून आलेल्यांना टेस्ट लावता येते, बटण कुठलं दाबायचं ते दोन दिवसांत कळतं. पण थायरॉईडमध्ये डॉक्टर एका आकड्यावर कमी आणि दोन आकड्यांमधल्या फरकावर जास्त चालतात, आणि तो फरक पेशंटच्या गळ्यातल्या ग्रंथीमुळे पडलाय का आपल्यामुळे, एवढंच आपल्याला सांभाळायचं आहे. टीएसएच मुळात फार हळवा आहे, फ्री टी-४ (थायरॉईडचं रक्तात मोकळं फिरणारं हार्मोन) थोडा खाली गेला तरी टीएसएच पटींमध्ये वर उडतो, फ्री टी-४ निम्मा झाला तर टीएसएच शंभर पटीच्या आसपास जाऊ शकतो. म्हणून तर ती टेस्ट इतकी कामाची आणि म्हणूनच इतकी चंचल.

पायरी १: सुई टोचायच्या आधी चार प्रश्न

निम्मी गडबड इथेच होते, मशीनपर्यंत जायची गरजच नाही.

पहिला प्रश्न वेळेचा. टीएसएच रात्री चढतो, मध्यरात्रीनंतर दोन ते चारच्या सुमारास सगळ्यात वर असतो आणि दुपारी सगळ्यात खाली. सकाळी उपाशीपोटी घेतला तर जास्त, जेवून दुपारी घेतला तर कमी. आता पेशंट विचारतात, "उपाशी यायचं का?" आणि काउंटरवरचा मुलगा सांगतो "गरज नाही". टेस्ट करायला गरज नाही हे बरोबर, पण मागच्या वेळेशी तुलना करायची असेल तर गरज आहे. आमच्याकडे आता साधा नियम आहे, थायरॉईडचं सॅम्पल शक्यतो सात ते नऊ, उपाशीपोटी, आणि एखादा दुपारीच येऊ शकतो असा असेल तर दरवेळी दुपारीच ये म्हणायचं. वेळ मात्र लिहायचीच. "सकाळ" असं नाही लिहायचं, ७.२० असं लिहायचं.

दुसरा, आज गोळी घेतली का? गोळी घेतल्यावर काही तास रक्तातला फ्री टी-४ फुगलेला असतो. टीएसएचवर लगेच फरक पडत नाही, पण डॉक्टरांनी फ्री टी-४ पण सांगितला असेल तर तो आकडा फसवतो. म्हणून आधी रक्त, मग गोळी. फोनवर अपॉइंटमेंट घेतानाच हे सांगा, कारण माणूस लॅबमध्ये पोचेपर्यंत पहाटे उठून गोळी घेऊन मोकळा झालेला असतो. याच प्रश्नाला जोडून विचारायचं, डोस कधी बदलला? टी-४ चं अर्धं आयुष्य (रक्तातला निम्मा संपायला लागणारा वेळ) सात दिवसांचं आहे, म्हणजे नवीन डोस रक्तात स्थिरावायलाच पाचेक आठवडे जातात आणि टीएसएच त्याच्याही मागून येतो. सहा ते आठ आठवड्यांच्या आत केलेली टेस्ट म्हणजे भात शिजायच्या आत कुकर उघडणं. आपण पेशंटला परत पाठवू शकत नाही, डॉक्टरांनी सांगितलं असेल तर करायचीच, पण "डोस बदलून १५ दिवस" असं कागदावर आलं पाहिजे.

तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही आणि हल्ली तोच सगळ्यात महत्त्वाचा झालाय: केसांसाठी, नखांसाठी काही गोळ्या-गमीज चालू आहेत का? कारण त्यात बायोटिन असतं. रोजची गरज साधारण ३० मायक्रोग्रॅम आणि त्या डब्यांवर लिहिलेलं असतं १०,००० मायक्रोग्रॅम. आता याचा आणि टेस्टचा काय संबंध? बऱ्याच किटमध्ये अँटिबॉडीला (हार्मोन पकडणाऱ्या प्रथिनाला) बायोटिन चिकटवलेलं असतं आणि ते स्ट्रेप्टॅव्हिडिन (बायोटिनला घट्ट धरणारं प्रथिन) लावलेल्या कणांवर जाऊन बसतं, म्हणजे कण म्हणजे सीट आणि बायोटिन म्हणजे प्रवासी. एसटी स्टँडात लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, तसं पेशंटच्या रक्तातलं मोकळं बायोटिन सगळ्या सीटांवर आधीच रुमाल टाकून ठेवतं. आपला खरा प्रवासी उभाच राहतो आणि वॉशिंगमध्ये वाहून जातो, मशीन ज्या उजेडावरून मोजतं तो कमी दिसतो. टीएसएचच्या टेस्टमध्ये उजेड कमी म्हणजे हार्मोन कमी. फ्री टी-३, फ्री टी-४ ची पद्धत उलटी, तिथे उजेड कमी म्हणजे हार्मोन जास्त. म्हणजे टीएसएच खोटा कमी, टी-४ खोटा जास्त, आणि रिपोर्ट दिसतो हुबेहूब हायपरथायरॉईडचा, म्हणजे थायरॉईड जास्त चालत असल्याचा! धडधाकट बाई, पण कागदावर ग्रेव्ज डिसीज (थायरॉईड जास्त चालवणारा आजार). अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या औषध-तपासण्यांवर देखरेख करणाऱ्या खात्याने) २०१७ मध्ये यावर इशारा काढला होता. सगळ्या किटमध्ये हे होत नाही, तुमच्या किटच्या माहितीपत्रकात बायोटिनचा परिच्छेद असतो तो शोधून वाचा, किती पातळीपर्यंत चालतं ते लिहिलेलं असतं. आणि पेशंटला निदान दोन दिवस बंद करून यायला सांगा, डोस फारच मोठा असेल तर मॅडमना विचारून त्याहून जास्त.

एक गंमत अशी की "औषध चालू आहे का" विचारलं तर लोक नाही म्हणतात, कारण गमी हे त्यांच्या लेखी औषध नाहीच. "केस गळतीसाठी काही खाताय का" असंच विचारायचं, लगेच पर्समधून डबी निघते.

चौथा, बाई गरोदर आहे का, आणि कितवा महिना. गर्भारपणात पहिल्या तीन महिन्यांत एचसीजीमुळे (गर्भारपणातल्या हार्मोनमुळे) टीएसएच खाली येतो, आणि टी-४ वाहून नेणारी प्रथिनं वाढल्यामुळे टोटल टी-४ (मोकळा आणि प्रथिनांना चिकटलेला मिळून) चढतो, पुढे साधारण दीडपट होतो. तिला नेहमीची रेंज छापून द्यायची नाही.

पायरी २: ट्यूब ते सिरम

इथे सांगण्यासारखं थोडंच आहे पण चुका रोज होतात. जेल ट्यूब असेल तर पाच-सहा वेळा हळू उलटी-सुलटी करायची, जोरात हलवायची नाही, आणि मग रक्त गोठायला अर्धा तास उभी ठेवायची. अर्धा तास म्हणजे अर्धा तास. सकाळी गर्दी असते, लोक पंधरा मिनिटांत सेंट्रिफ्यूजमध्ये (ट्यूब गरगर फिरवणाऱ्या यंत्रात) टाकतात, सिरम (रक्त गोठल्यावर उरणारं पाणी) वर येतं, छान पिवळं दिसतं, आणि पाच मिनिटांनी त्यातच फायब्रिनचे (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचे) तंतू जमतात. मशीनची सुई तो तंतू ओढते, सॅम्पल कमी उचललं जातं आणि टीएसएच २ च्या ऐवजी १.३ येतो. मशीन काही वेळा एरर देतं, काही वेळा गप्प बसतं. लाकडी काडी फिरवून बघायची सवय लावा.

सेंट्रिफ्यूजचं पण एक आहे. "तीन हजारवर दहा मिनिटं" असं सगळे सांगतात, पण तीन हजार फेऱ्या छोट्या मशीनमध्ये आणि मोठ्या मशीनमध्ये सारख्या नसतात. मधल्या दांड्यापासून ट्यूबच्या बुडापर्यंत सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याला फेऱ्यांच्या वर्गाने गुणा आणि मग ०.००००१११८ ने गुणा. १५ सेंटिमीटर आणि ३,००० फेऱ्या असतील तर साधारण १,५०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या तेवढ्या पट जोर) येतात, ट्यूब कंपनी किती मागते ते बघून फेऱ्या ठरवा. एकदाच करायचं काम आहे, चिठ्ठी करून सेंट्रिफ्यूजवर चिकटवून टाका.

कलेक्शन सेंटरवरून सॅम्पल येत असतील तर तिथेच सिरम वेगळं करून आइसबॉक्समधून यायला हवं. आणि वॉर्डमधला पेशंट हेपॅरिनवर (रक्त गोठू न देणाऱ्या औषधावर) असेल तर लिहून घ्या, कारण हेपॅरिनमुळे ट्यूबमध्येच फॅटी अॅसिड तयार होत राहतात, ते टी-४ ला प्रथिनांवरून ढकलतात आणि फ्री टी-४ खोटा वर जातो.

पायरी ३: कंट्रोल, आणि स्वतःशी प्रामाणिकपणा

ही पायरी मला सगळ्यात जास्त सांगायची आहे, कारण इथे मी स्वतः गाढवपणा केलेला आहे.

सकाळी कंट्रोल लावला, बाहेर आला. काय करतो आपण? पुन्हा लावतो. आत आला, हुश्श म्हणतो, पेशंट लावायला सुरुवात. हे मी वर्षभर केलं. कोणी विचारलं नाही. पण कंट्रोल म्हणजे नाणेफेक नाही, पास होईपर्यंत उडवत बसायला.

नीट पद्धत अशी. कंट्रोलच्या बाटलीबरोबर जो कागद येतो त्यावरची रेंज ऐसपैस असते, ती अनेक लॅबसाठी असते. तुम्ही तुमच्या मशीनवर किमान २० दिवसांचे आकडे घ्या आणि स्वतःचा मीन (सरासरी) आणि एसडी (आकडे सरासरीपासून किती पसरतात ते) काढा. समजा मीन आला ५.० आणि एसडी ०.२, तर सीव्ही (एसडी मीनच्या किती टक्के ते) झाला ४ टक्के, आणि दोन एसडीची हद्द ४.६ ते ५.४. हे आलेखावर मांडायचं, मधे मीनची रेघ, वर-खाली एक, दोन, तीन एसडीच्या रेघा, रोज एक ठिपका. सॉफ्टवेअरमध्ये असतो हा चार्ट पण पहिले दोन महिने हाताने कागदावर काढा, डोळ्याला सवय लागते.

मग नियम. एक ठिपका दोन एसडीच्या बाहेर गेला तर ती धोक्याची सूचना, वीसात एखादा तसा जातोच, लगेच घाबरायचं नाही. तीनच्या बाहेर गेला तर थांबायचं, रिपोर्ट सोडायचे नाहीत. लागोपाठ दोन ठिपके एकाच बाजूला दोनच्या बाहेर, थांबायचं. आणि जो नियम लोक विसरतात तो म्हणजे लागोपाठ दहा ठिपके मीनच्या एकाच बाजूला. सगळे हद्दीत असतात, रोज पास, कोणालाच काही वाटत नाही, पण मशीन हळूहळू सरकत चाललेलं असतं. काकूंच्या रिपोर्टनंतर मी मागचे ठिपके काढून बघितले तर नवीन लॉटपासूनचे तेरा दिवस सगळे रेघेच्या वर होते. पास, पास, पास.

कंट्रोल फेल झाला तर पुन्हा लावायच्या आधी कारण लिहायचं. काय बघितलं? रीएजंटची तारीख, बाटली उघडून किती दिवस झाले, बुडबुडे, वॉश बफर, खोलीचा एसी. आणि कंट्रोल स्वतः कसा तयार केला. पावडरचा कंट्रोल असतो त्यात ५ मिली डिस्टिल्ड वॉटर घालायचं, आमच्याकडे एक जण ते सिरिंजने घालायचा, डोळ्याच्या अंदाजाने. ५ मिलीच्या जागी ५.३ पडलं की सगळे आकडे ६ टक्क्यांनी खाली. काचेचा व्हॉल्युमेट्रिक पिपेट वापरा, फेस होऊ देऊ नका, हळू गोल फिरवा, कागदात सांगितलेला वेळ ठेवा आणि मग छोट्या कुप्यांमध्ये भरून फ्रीझरला टाका. एकदा वितळलेली कुपी परत गोठवायची नाही.

खालच्या लेव्हलचा कंट्रोल पण लावा, फक्त नॉर्मल आणि हाय लावून चालत नाही. थायरॉईडच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्यांपैकी काहींचा टीएसएच मुद्दाम ०.१ च्या आसपास किंवा खाली ठेवतात, त्यांच्यासाठी ०.०५ आणि ०.१५ मधला फरक खरा फरक आहे. आताच्या तिसऱ्या पिढीच्या किट ०.०१-०.०२ पर्यंत धड मोजू शकतात, पण तुमचं मशीन तिथे मोजतंय का ते कंट्रोलशिवाय कळणार कसं?

पायरी ४: लॉट बदलला की

नवीन लॉट आला, कॅलिब्रेशन केलं (मशीनचं माप त्या लॉटला जुळवलं), कंट्रोल पास, चला. इथेच फसायला होतं. कंट्रोल हे पेशंटचं रक्त नाही, त्यात काय काय मिसळलेलं असतं, त्यामुळे कंट्रोल हलत नाही आणि पेशंट हलतात, किंवा उलट. म्हणून जुना लॉट संपायच्या आधी पेशंटची निदान दहा उरलेली सिरम घ्या, कमी-मध्यम-जास्त अशी मिसळून, आणि त्याच दिवशी दोन्ही लॉटवर लावा. समजा जुन्यावर २.१, ४.३, ९.८ आणि नव्यावर २.४, ४.९, ११.० आले, तर हा योगायोग नाही, सगळे बारा ते चौदा टक्क्यांनी वर आहेत. आमच्याकडे मॅडमनी १० टक्क्यांची हद्द ठरवून ठेवलीय, त्यावर गेलं की लॉट वापरात जात नाही, कंपनीच्या माणसाला फोन. हद्द आधी ठरवायची, आकडे बघून नाही, नाहीतर आपण मनाला समजावतोच.

आणि हो, जुना लॉट संपल्यावर हे आठवून उपयोग नाही. शेवटची बाटली उघडली की त्याच दिवशी फ्रीजवर लाल चिठ्ठी.

पायरी ५: शेजारच्या लॅबचा आकडा वेगळा, मग खरा कोणाचा?

हा प्रश्न रोज येतो. उत्तर बऱ्याचदा "दोघांचाही" असं असतं. टीएसएच हा एकाच साच्यातला रेणू नाही, त्यावर साखरेच्या वेगवेगळ्या साखळ्या असतात आणि प्रत्येक कंपनीची अँटिबॉडी त्यातलं थोडं वेगळं पकडते. माप जुळवायला जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण द्रव्य आहे, ८०/५५८ आणि ८१/५६५ असे नंबर किटच्या कागदावर दिसतील, तरी मशीन-मशीनमध्ये फरक उरतो. फ्री टी-४ चं तर जास्तच, तिथे कंपन्यांमधला फरक मोठा आहे. आयएफसीसी या लॅब-तपासण्यांच्या जागतिक संस्थेची एक समिती बरीच वर्षं हेच जुळवायच्या मागे आहे, टीएसएचसाठी सगळ्या पद्धतींची मिळून सरासरी धरून आणि फ्री टी-४ साठी डायलिसिस करून मास स्पेक्ट्रोमेट्रीने मोजायची संदर्भ पद्धत ठरवून. ते सगळीकडे पोचेपर्यंत आपला सल्ला एकच, बाबा एकाच लॅबला जा, आपली नाही आवडली तर शेजारची, पण एकच.

आमचे एक जुने सर आरआयएच्या (किरणोत्सर्गी पदार्थ वापरून मोजायच्या जुन्या पद्धतीच्या) काळातले, तुर्भ्याला नाहीतर वाशीला जाऊन ब्रिटच्या (अणुऊर्जा खात्याच्या आयसोटोप संस्थेच्या) किट आणायचे, त्यात आयोडिन-१२५. त्याचं अर्धं आयुष्य साठ दिवस, म्हणजे किट फ्रीजमध्ये ठेवली तरी आतून मरत असते. ते म्हणायचे, तेव्हा निदान सगळ्यांना माहीत तरी होतं की किट म्हातारी होते, आता चकचकीत डबा बघून कोणाला शंकाच येत नाही.

तर आपलं मशीन बाकीच्यांच्या तुलनेत कुठे आहे हे कळायला बाहेरचा क्वालिटी प्रोग्राम लावा, वेल्लोरच्या सीएमसीचा बऱ्याच लॅब वापरतात. ते सॅम्पल पाठवतात, आपण आकडा कळवतो, मग त्याच पद्धतीच्या बाकी लॅबशी तुलना येते. ते सॅम्पल पेशंटसारखंच लावायचं, एकदाच, खास मशीन पुसून-बिसून तीनदा लावून सरासरी कळवायची नाही. फसवणूक कोणाची होते?

रेंज दुसऱ्या लॅबची कॉपी करू नका, आपल्या किटची घ्या. युनिट बघा. टीएसएचला त्रास नाही, मायक्रो आययू प्रति मिली आणि मिली आययू प्रति लिटर हा आकडा एकच. पण फ्री टी-४ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये १.२ असेल तर पिकोमोल प्रति लिटरमध्ये तो १५.४ होतो, गुणाकार १२.८७ ने. दुबईहून सुट्टीला आलेला एक पेशंट माझा टी-४ दहा पटीने पडला म्हणून रडकुंडीला आला होता.

पायरी ६: आकडा पटत नसेल तेव्हा

रिपोर्ट सोडायच्या आधी मागचा रिपोर्ट उघडा. किती फरक म्हणजे खरा फरक? निरोगी माणसाचा टीएसएचसुद्धा दिवसागणिक १८-२० टक्क्यांनी हलतो, त्यात मशीनचे ४ टक्के धरले तर हिशोबाने साधारण ५० टक्क्यांपर्यंतचा फरक नुसत्या हलण्यात जातो. काकूंचं ३.४ वरून ४.९ म्हणजे ४४ टक्के. म्हणजे वेळ आणि लॉट सोडले तरी तो फरक ठाम म्हणता आला नसता.

आणि काही आकडे बाकीच्यांशी भांडतात. टीएसएच ४०, फ्री टी-४ मस्त मध्यावर, बाई हसत समोर उभी. अशा वेळी नुसतं रिपीट करून तोच आकडा येणार, कारण अडथळा रक्तातच आहे, किटमधल्या प्राण्यांच्या अँटिबॉडीला चिकटणाऱ्या पेशंटच्या अँटिबॉडी किंवा मॅक्रो-टीएसएच (अँटिबॉडीला चिकटून मोठा झालेला टीएसएच). सिरम पातळ करून बघा, दुप्पट पातळ केल्यावर निम्मा यायला हवा, तसा येत नसेल तर शंका पक्की. मग मॅडमना सांगून दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर किंवा पीईजीने (असे मोठे रेणू खाली बसवणाऱ्या रसायनाने) प्रक्रिया करून बघायचं. नवजात बाळाचं उलटं, जन्मल्यावर पहिल्या तासात टीएसएच ६०-८० पर्यंत उसळतो आणि तो नॉर्मल असतो, म्हणून सॅम्पल ४८ ते ७२ तासांनी. बाळ किती तासांचं आहे हे लिहिल्याशिवाय ते सॅम्पल घेऊच नका.

हे सगळं करायला एक गोष्ट हातात लागते, ती म्हणजे उरलेलं सिरम. थायरॉईडची उरलेली सिरम झाकण लावून, नाव-तारीख घालून २ ते ८ डिग्रीला आठवडाभर ठेवा. डॉक्टरांचा फोन त्याच दिवशी कधीच येत नाही, तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतो, आणि तोपर्यंत मावशींनी रॅक धुवून पालथा घातलेला असतो. आमच्याकडे आता त्या रॅकला पिवळी चिकटपट्टी आहे, आणि मावशींना सांगून ठेवलंय, पिवळ्याला फक्त सोमवारी हात लावायचा.